एका विद्यार्थ्याचा विभाग

सुट्टी संपून विभाग उघडला त्या दिवशी विभागप्रमुखांनी वेळापत्रक टाइप करून फलकावर लावलं. मंगळवार, दोन ते चार, यंत्रगती. शुक्रवार, दोन ते चार, यंत्रगती. आठवड्याचे बाकीचे चौकोन रिकामे होते, पण ते आखावे तर लागलेच, कारण विद्यापीठाचा नमुना तसा होता. चार टाचण्या लावून ते मागे सरकले आणि कागद वाकडा लागलाय हे त्यांच्या लक्षात आलं. राहू दे, म्हणाले. बघणारा एकच होता, आणि तो कधी फलक बघत नसे.

त्याचं असं झालं होतं. मुद्रणयंत्र अभियांत्रिकीचे प्रवेश सहा वर्षांपूर्वी बंद झाले. छपाईची यंत्रं शिकायला आता येतंय कोण, असं वरच्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. शेवटची तुकडी दोन वर्षांपूर्वी पदव्या घेऊन निघून गेली. बाकीचे प्राध्यापक शेजारच्या मेकॅनिकल विभागात वाटले गेले. पण त्या तुकडीतला एक गडी यंत्रगतीच्या एका पेपरात अडकून मागे राहिला, आणि विद्यापीठाचा नियम असा होता की शाखेत एक जरी विद्यार्थी नोंदलेला असला तरी शाखा बंद करता येत नाही. विभाग हवा, विभागाला प्रमुख हवा, कार्यशाळा हवी, कार्यशाळेला मिस्त्री हवा. म्हणून दुमजली इमारत, झाकणं घालून ठेवलेली सात छपाई यंत्रं, अर्धवेळ क्लार्कबाई, मिस्त्री आणि सत्तावन्न वर्षांचे विभागप्रमुख असा सगळा संसार एका माणसाच्या नापास होण्यावर उभा होता.

हा माणूस एकतीस वर्षांचा. खोकी छापणाऱ्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर. घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी. पाळी बदलून घेऊन तो मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा आणि पहिल्या बाकावर बसायचा. मिस्त्री त्याला ‘वर्ग’ म्हणत. “सर, वर्ग आला.” “सर, वर्गाला आज ताप आहे, वर्ग येणार नाही.” पहिल्यांदा प्रमुख पोट धरून हसले होते. आता नुसती मान हलवायचे.

एका विद्यार्थ्याच्या विभागात हसण्यासारखं खूप काही असतं आणि ते पहिल्या तीन महिन्यांत संपतं. तो आला की हजेरी शंभर टक्के, नाही आला की शून्य. परीक्षा विभागाच्या संगणकाला मधलं काही ठाऊकच नव्हतं, त्यामुळे दर गैरहजेरीला ‘संपूर्ण वर्ग अनुपस्थित, खुलासा करावा’ असं पत्र ठरलेलं. वर्गप्रतिनिधीची निवडणूक घ्या म्हणून फर्मान आलं. उमेदवार, सूचक आणि अनुमोदक वेगवेगळे हवेत, अशी तळटीप होती. क्लार्कबाईंनी तिन्ही रकाने बघितले, ‘लागू नाही’ असा शिक्का मारला आणि कागद वर पाठवला. मागच्या परीक्षेला साठ बाकांच्या दालनात तो एकटा बसला होता आणि त्याच्यावर दोन पर्यवेक्षक होते, कारण एक पर्यवेक्षक बाहेर गेला तर दुसरा हवा.

आता खरी गोष्ट. वर्ग पास झाला की वर्षअखेरीला विभाग बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रमुखांचं काही फार जात नव्हतं. त्यांना मेकॅनिकलमध्ये एक खुर्ची मिळणार होती, तिथला प्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी होता, आणि मानापमानाची हौस त्यांची केव्हाच फिटली होती. प्रश्न मिस्त्रींचा होता. विभाग मिटला की त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॅम्पसवर, जायला दीड तास आणि यायला दीड तास. आणि मिस्त्रींच्या बायकोचं आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस होतं, विद्यापीठाच्या मागच्याच रुग्णालयात. दहाला ते तिला आत सोडून येत, दोनला जाऊन आणत, मधे सुई सरकली किंवा रक्तदाब पडला तर पाच मिनिटांत पोचत. मिस्त्री याबद्दल अवाक्षर काढत नसत. पण दर निकालाच्या दिवशी ते सकाळपासून कुठलं तरी यंत्र पुसत बसलेले दिसायचे.

त्यामुळे वर्गाने पास व्हावं असं या इमारतीत कोणाला मनापासून वाटत नव्हतं, आणि नापास व्हावं असं म्हणण्याइतकं कोणी वाईटही नव्हतं. असल्या त्रांगड्यात माणूस शिकवतो कसा? खुर्चीत बसून शिकवतो. वही उघडतो, सांगतो, “समजलं?” असं विचारतो आणि पान उलटतो. प्रमुख तेच करत होते, आणि तेवढ्यानेही संध्याकाळपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा.

पहिलं सत्र अर्धं झालं आणि अभिप्रायाचा लिफाफा आला. दरवर्षी विद्यार्थ्यांकडून शिक्षकांबद्दल मत मागवायचा प्रघात होता. अर्जावर ठळक लिहिलेलं असे की अभिप्राय गोपनीय आहे, विद्यार्थ्याने नाव लिहू नये. कार्यालयाने इमानेइतबारे सरासरी काढली होती: पाचपैकी दोन. खाली ‘काही निवडक मते’ म्हणून टाइप केलं होतं:

“सर बसून शिकवतात. समजलं का विचारतात पण उत्तराला थांबत नाहीत. आकृती वहीतून दाखवतात, फळ्यावर मापाने कधी काढली नाही. सर वाईट नाहीत. दमलेले आहेत.”

प्रमुखांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोनदा वाचलं, घडी घातली, उलगडून पुन्हा वाचलं. एकतीस वर्षं शिकवलं, आणि आता हा आला मोठा सांगणारा! तीनदा नापास झालेला! तो कागद खिशात घालून ते तसेच घरी गेले आणि बायकोपुढे टाकला. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झालेल्या, आणि चष्मा लावल्याशिवाय कशावरच बोलायच्या नाहीत.

“गोपनीय आहे ना हे?” वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या.

“हो.”

“मग कोणी लिहिलं ते तुम्हाला कसं कळलं?” आणि त्या अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

“हस तू. तुला काय जातंय.”

“बरं, नाही हसत.” त्यांनी डोळे पुसले. “पण मला सांगा, यात खोटं काय आहे?”

प्रमुखांनी कागदाची घडी करून तो परत खिशात घातला. राग होताच, पण त्याच्या खाली काहीतरी दुखत होतं, आणि ते ‘दमलेले आहेत’ या दोन शब्दांपाशी दुखत होतं. लाज वाटली त्यांना. तीनदा नापास झालेला माणूस त्यांना समजून घेत होता.

पुढच्या मंगळवारी ते उभे राहिले. कपाटातून लाकडी कंपास काढला, त्याच्या टोकात खडू बसवला, मीटरची पट्टी घेतली. “आज मापाने काढू,” म्हणाले. वर्गाने वर बघितलं, आणि अभिप्राय कोणी लिहिला हे दोघांनाही माहीत असल्यामुळे लगेच खाली बघितलं.

प्रमुखांनी आपला लाडका प्रश्न घेतला. चार दांड्या टोकांना एकमेकींशी जोडलेल्या. एक जागेवर पक्की, तीनशे मिलिमीटर. एक छोटी, साठची, ती गोल फिरते. तिला जोडलेली दीडशेची, आणि शेवटची शंभरची, जी पुढेमागे झुलते. छोटी दांडी साठ अंशांवर असताना शेवटची किती वेगाने झुलते ते काढा. सोळा गुण. हा प्रश्न बारा वर्षं परीक्षेत येत होता. कोणी चुकायचं नाही, एवढा तो सोपा होता.

दुप्पट मापाने त्यांनी पक्की दांडी आखली, साठ अंशांचा कोन धरून छोटी आखली. मग एका टोकापासून कंपासने एक कंस मारला, दुसऱ्या टोकापासून दुसरा. दोन कंस जिथे छेदतील तिथे दोन दांड्यांचा सांधा. पण ते छेदेनात. मधे तीन बोटांची फट राहिली.

“कंपास सैल झालाय,” प्रमुख म्हणाले. स्क्रू आवळून त्यांनी पुन्हा कंस मारले. पुन्हा फट.

“माझंही असंच होतं, सर,” वर्ग हळूच म्हणाला. “मला वाटतं माझा हातच वाईट आहे.”

“कंपासच सैल आहे. मी तपासून सांगतो,” असं म्हणून प्रमुखांनी फळा पुसला. त्या दिवशी तास वीस मिनिटं आधी सुटला.

ते तडक खाली कार्यशाळेत गेले. मिस्त्रींना चार मापं दिली आणि लोखंडी पट्ट्या कापून, भोकं पाडून, नट-बोल्ट लावून जोडायला सांगितल्या. मिस्त्रींना सूत्रं येत नव्हती, पण हात असा की केसाचा फरक पडायचा नाही. तासाभरात त्यांनी तो सांगाडा फळकुटावर ठोकला आणि छोटी दांडी फिरवली. ती थोडी वर आली आणि अडली.

“सर, हे फिरत नाही.”

“तेल घाला.”

“तेलाचं काम नाही हे. बघा ना.” त्यांनी पुन्हा हळूहळू फिरवलं. उरलेल्या दोन दांड्या ताणत ताणत एका रेषेत ताठ झाल्या आणि सगळं जाम झालं. मिस्त्रींनी कोनमापक लावला. “तीस अंश. याच्या पुढे हात पुरतच नाही त्याचा. साठपर्यंत कसा जाईल?”

वर येऊन प्रमुखांनी प्रश्नसंचाची जुनी फाइल काढली. प्रश्न मुळात बरोबर होता. त्यात पक्की दांडी एकशेऐंशीची होती. बारा वर्षांपूर्वी, प्रश्न नवा वाटावा म्हणून, त्यांनीच एकशेऐंशी खोडून तीनशे केलं होतं, स्वतःच्या अक्षरात. बाकी मापं तशीच, आणि आदर्श उत्तरही तसंच, जुनं. मग मुलं सोडवायची कशी? सोडवायचीच नाहीत. वरच्या तुकडीच्या वह्यांमधून उत्तर खाली यायचं, पाठ व्हायचं, आकृती डोळ्यांच्या अंदाजाने काढली जायची, शेवटचा आकडा जुळायचा, आणि प्रमुख तो आकडा बघून सोळा गुण द्यायचे. बारा वर्षं, तुकडी भरलेली असायची तेव्हा दरवर्षी चाळीसेक जण, आणि न हलणाऱ्या यंत्राचा वेग सगळ्यांनी अचूक काढला होता.

उत्तरपत्रिका तीन वर्षं ठेवायचा नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुखांनी क्लार्कबाईंकडून कोठीची किल्ली घेतली. वर्गाच्या पत्रिका सापडायला वेळ लागला नाही. पहिल्या वेळच्या नापासाबद्दल काही बोलायला नको, तेव्हा कारखान्यात दोन पाळ्या चालू होत्या आणि त्याने खरंच अभ्यास केला नव्हता. दुसऱ्या वेळी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, शंभरपैकी एकतीस. चाळीसला पास. चौथ्या प्रश्नाखाली टोकदार पेन्सिलीने काढलेली स्वच्छ आकृती होती, दोन कंस होते, मधे बोटभर फट होती. खाली लिहिलं होतं: ‘कंस जुळत नाहीत. दोनदा काढून पाहिलं.’

त्याच्या शेजारी लाल शाईने, प्रमुखांच्या हस्ताक्षरात: ‘पट्टी नीट धरा.’ आणि शून्य.

तिसऱ्या वेळची पत्रिका त्यांनी उघडली. तीच आकृती. खोडरबराने कागद इतका घासलेला की एका जागी विरला होता. ‘तीनदा काढून पाहिलं.’ या वेळी लाल शाईत शून्याशिवाय काहीच नव्हतं. एकोणतीस.

एकतीस आणि सोळा सत्तेचाळीस. प्रमुख कोठीतल्या स्टुलावर बसून राहिले. बारा वर्षांत तो प्रश्न खरोखर सोडवायला बसलेला हा एकच माणूस. त्याचं उत्तर बरोबर होतं. आणि ज्यांना काही कळलं नव्हतं ते सगळे सोळा गुण घेऊन कुठे कुठे साहेब होऊन बसले होते. स्वतःवर थुंकावंसं वाटलं त्यांना.

दुपारी मिस्त्री चहा घेऊन आले. फाइल, पत्रिका, सगळं टेबलावर पसरलेलं होतं. प्रमुखांनी काही लपवलं नाही, सांगून टाकलं.

“म्हणजे तो दोन वर्षांपूर्वीच पास?” मिस्त्री म्हणाले.

“हो.”

“आणि हे वर कळवलं की?”

“निकाल बदलेल. विभाग लगेच बंद. वर्षअखेरीची वाट बघणार नाहीत.”

“पट्ट्या मी कापल्यात, सर,” मिस्त्री म्हणाले. “माप माझं चुकलं असं म्हटलं तर?”

“तुमचं माप कधी चुकलंय?”

“नाही. पण म्हणता येतं.” आणि कप उचलून ते निघून गेले.

प्रमुखांनी पत्र लिहिलं आणि खणात ठेवलं. मग पत्र सुधारलं आणि परत खणात ठेवलं. मनाची समजूत घालायला कारणं भरपूर होती, आणि शिकलेल्या माणसाला ती जरा जास्तच सापडतात. यंदाचा पेपर काढणारे तेच. तो प्रश्न घालायचाच नाही. वर्ग आपला रीतसर पास होईल, विभाग रीतसर मिटेल, मिस्त्रींना तेवढेच चार महिने मिळतील. कोणाचं काय बिघडलं? मंगळवारी, शुक्रवारी ते उभं राहून शिकवत, थांबून विचारत, खूप मन लावून शिकवत. चार दांड्यांचा धडा मात्र त्यांनी ‘तो झालाय आपला’ म्हणून ओलांडला. वर्गाने एकदा विचारलं, “सर, तो कंपास?” प्रमुख म्हणाले, “दुरुस्तीला दिलाय.” आणि घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की डोकं दुखतंय.

पहिलं सत्र सरलं. थंडीत इमारत गारठली, वरच्या मजल्याचे दिवे कोणीतरी काटकसर म्हणून काढून नेले. हजेरी, अहवाल, खुलासे चालूच होते. प्रमुखांना रोज सकाळी बूट घालताना वाटायचं की आज जाऊच नये. पूर्वी दमायला व्हायचं ते कामाने. हे दमणं वेगळं होतं, खणात पडून असलेल्या कागदाचं.

परीक्षेचे अर्ज सुटले त्या आठवड्यात वर्ग तासाला आला तो वही न आणता. हातात एक अर्ज होता.

“सर, यंदा बसत नाही मी. नोंदणी राहू द्या, पुढच्या वर्षी बघतो. तुमची सही लागेल.”

“का रे? तयारी तर चांगली चाललीय तुझी.”

“तयारी दरवर्षी चांगलीच असते, सर.” तो ओशाळं हसला. “तुम्ही यंदा एवढं शिकवलंत. तरी नापास झालो तर तुम्हाला तोंड कसं दाखवू? डोकंच नाही मला. मुलगी गणितं घेऊन येते ना, तर मी तिला आईकडे पाठवतो. म्हटलं, आपण चुकीचं शिकवायचो.”

प्रमुखांनी अर्ज हातात घेतला. एक सही. तो यंदा बसणार नाही, म्हणजे पास होणार नाही, म्हणजे विभागाला आणखी एक अख्खं वर्ष. कोणी मागितलेलं नव्हतं, कोणी खोटं बोललेलं नव्हतं, माणूस स्वतः होऊन अर्ज देत होता. दाराशी मिस्त्री उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं आणि मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री वळून जिना उतरून गेले.

“ठेव अर्ज,” प्रमुख वर्गाला म्हणाले. “बघतो.”

वर्ग गेला. अर्ज टेबलावर होता आणि टोपण अजून हातातच होतं, तोच मिस्त्री वर आले. काखेत फळकूट, त्यावर तो चार पट्ट्यांचा सांगाडा, पुसून लख्ख केलेला. त्यांनी तो अर्जावरच ठेवला.

“पत्रासोबत हे पाठवा,” म्हणाले. “नुसत्या कागदावर त्यांचा विश्वास बसायचा नाही.”

“मिस्त्री, वहिनींचं काय?”

“बघू काहीतरी. बहीण आहे माझी, तिला बोलावतो काही दिवस.” ते दाराकडे वळले आणि थांबले. “खरं सांगू का सर, मला राग येतो त्याचा. तो पास व्हावा असं मला एकदाही वाटलं नाही. पण पोरीला आईकडे पाठवतो म्हणाला ना... मला नाही ऐकवलं. तुम्ही सही करू नका.”

दुसऱ्या दिवशी प्रमुख पत्र, दोन उत्तरपत्रिका, फाइल आणि काखेत फळकूट घेऊन परीक्षा नियंत्रकांच्या खोलीत गेले. नियंत्रक वयाने लहान आणि कामाने बुडालेले. त्यांनी पत्र वाचलं, मग सांगाडा जवळ ओढून छोटी दांडी फिरवली. अडली. उलटी फिरवली. अडली.

“बारा वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नाही?”

“आलं होतं,” प्रमुख म्हणाले. “एकाच्या आलं होतं. त्याला आम्ही नापास केलं.”

मग समिती बसली. समितीसमोर प्रमुखांना तीनदा जावं लागलं, आणि एका सदस्याने, जो त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता, हा प्रश्न मीही सोडवला होता आणि माझं उत्तर आलं होतं असं ठासून सांगितलं. प्रमुखांनी फळकूट त्याच्यापुढे सरकवलं.

दोन महिन्यांनी आदेश निघाले. पहिल्या आदेशात प्रश्न सदोष ठरला, तो सोडवायचा प्रयत्न केलेल्यांना पूर्ण गुण, आणि संबंधित विद्यार्थी दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षेत उत्तीर्ण. दुसऱ्या आदेशात विभाग तत्काळ बंद, मिस्त्रींनी सोमवारपासून दुसऱ्या कॅम्पसवर हजर व्हावं. तिसरं नुसतं पत्र होतं: शेवटचा विद्यार्थी दोन वर्षांपूर्वीच उत्तीर्ण झालेला असताना विभाग तेव्हापासून कोणासाठी चालू होता, याचा विभागप्रमुखांनी सात दिवसांत खुलासा करावा.

त्या शुक्रवारी दोन वाजता वर्ग आला. अर्जावर सही झालेली नाही हे त्याला केव्हाच कळलं होतं, म्हणून तो पुन्हा वही आणायला लागला होता. प्रमुखांनी खुर्ची त्याच्या बाकासमोर ओढली आणि पहिल्या सत्रातल्या त्या मंगळवारनंतर प्रथमच बसून बोलायला लागले. एकशेऐंशीचं तीनशे कोणी केलं, तिथपासून सगळं सांगितलं. कंपास सैल नव्हता, तेही सांगितलं. “आणि मला कळल्यावरही मी चार महिने गप्प बसलो,” ते म्हणाले. “ते तर चुकून झालं नाही. त्याची माफी मागायचीही लाज वाटते.” मग त्यांनी दोन्ही उत्तरपत्रिका त्याच्यापुढे ठेवल्या.

वर्गाने लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

“ही मी तेव्हाच बघून गेलो होतो, सर. अर्ज करून,” तो म्हणाला. “त्यानंतर नवी पट्टी घेतली. स्टीलची, चांगली.”

खाली मिस्त्री खिळेठोक करत यंत्रांची झाकणं पक्की करत होते, तो आवाज तेवढा येत होता.

“कारखान्यात आहे ना सर असं यंत्र,” वर्ग म्हणाला. “अशाच दांड्यांचं. मी दिवसभर तेच बघतो. मला वाटायचं, इतकी लांब पक्की दांडी असली तर फिरणारच नाही. पण सगळ्यांचं उत्तर आलं होतं. म्हटलं, सगळे कसे चुकतील?” त्याने वर बघितलं. “म्हणजे मला येत होतं?”

“तुला येत होतं,” प्रमुख म्हणाले. “मला येत नव्हतं.”

त्याने ती आकृती पुन्हा जवळ ओढून बघितली. प्रमुखांना वाटलं, आता हा ओरडेल, ओरडावं त्याने, हक्क आहे त्याचा. पण त्याने खिशातून फोन काढला आणि “घरी सांगू का?” असं विचारलं, तासात फोन वापरायची परवानगी मागावी तसं. प्रमुखांनी मान हलवली आणि ते उठून खिडकीशी गेले.

“अगं, मी बोलतोय. पास झालो.”

पलीकडे बायको काहीतरी जोरात बोलली, हसली, बहुतेक मुलीला हाक मारली, मग तिने काहीतरी विचारलं. तो ऐकत होता. त्याने पालथ्या हाताने डोळे पुसले.

“नाही गं,” तो म्हणाला. “आज नाही. दोन वर्षांपूर्वी.”